सोळा तासांचा उपास आणि भाताचा डोंगर

आचरे, ता. मालवण
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय सुन्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. वरपासून खालपर्यंत एकच रड: डॉक्टरने वजन उतरवायला सांगितलंय, वहिनी म्हणतात दीक्षितांसारखं दोनदाच जेव, मेहुणी म्हणते दिवेकरांचं ऐकून दर दोन तासांनी खा, आणि ऑफिसातला पोरगा सोळा तास उपाशी राहतो. तू तिघांशीही वाद घालू नकोस. तुझं दुखणं रात्री साडेदहाच्या ताटात आहे.

ते ताट मी डोंबिवलीला बघितलंय रे. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी डबा अर्धा परत, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, आणि रात्री भाताचा डोंगर. मधोमध खड्डा, त्यात बांगड्याची कढी. ती जिरली की आणखी एक पळी, मग कढी उरली म्हणून पुन्हा भात. भाजीचा पत्ता नाही. आणि हात धुतल्यावर अर्ध्या तासात स्वारी आडवी.

रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन रात्री सकाळइतकं चोख काम करत नाही. तेच जेवण सकाळी घेतलं तर साखर जितकी चढेल, त्याहून रात्री जास्त चढते. शरीरात दिवस-रात्र ओळखणारं एक घड्याळ असतं, म्हणून हे होतं. ते पेशींच्या आत कसं चालतं ते शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ साली नोबेल मिळालं. पण म्हणून नुसती वेळ पाळली की चरबी झडेल, असं धरून बसू नकोस. चीनमध्ये ग्वांगझूला १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला, तो २०२२ साली छापून आला. कॅलरी दोन्ही गटांच्या सारख्याच कमी केलेल्या. एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच खायचं, दुसऱ्याला वेळेचं बंधन नाही. वजन दोघांचंही उतरलं, आणि फरक म्हणावा असा निघाला नाही. वेळेचा फायदा माझ्या मते एवढाच, की रात्रीचं अरबट-चरबट आपोआप सुटतं.

आता तू म्हणशील, आजोबा तिन्ही त्रिकाळ भात खाऊन काटकुळे होते. होते ना! पण पहाटेपासून जोत धरून दहा वाजता बांधावर पेज प्यायचे, आणि दिवे लागले की जेवून मोकळे. तू लोकलला लटकतोस, तो व्यायाम नव्हे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या सूचना काढल्या. त्यात २००० कॅलरींच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम, दोन्ही कच्च्या वजनाने. म्हणजे धान्यापेक्षा भाजी जास्त! आपल्याकडे भाजी तोंडी लावायला, पोट भरायला भात. हे उलटं करायला हवं, आणि खरं कठीण तेच आहे. शेवग्याचा पाला, अळू, टाकळा, मिळेल ते वाटीभर नव्हे, ताटाचा अर्धा भाग व्यापेल एवढं घे. सध्या श्रावण म्हणून मासळी बंद असेल, तर मुगाची उसळ नाहीतर कुळथाची पिठी. श्रावण संपला की बांगडा तव्यावर, तेल बेताने. ओल्या खोबऱ्यावर मात्र हात आखड. एक ग्रॅम स्निग्धात नऊ कॅलरी, कर्बोदकात नि प्रथिनात चारच. सोलकढीऐवजी नारळाचा रस न घालता फुटी कढी कर.

भात सोडू नकोस, दुपारी खा, आणि डबा पुरा संपव. साडेदहाच्या आत घरी पोचणं तुझ्या हातात नाही, मला ठाऊक आहे. मग सात वाजता ऑफिसातच भाकरी-उसळ उरकून घे, आणि घरी आल्यावर पिठी नि भाजी, बस्स. वडापाव तेवढ्याने सुटला तरी पुष्कळ.

एक मात्र ऐक. साखरेची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय उपासाच्या भानगडीत पडू नकोस. काही गोळ्यांवर पोट रिकामं राहिलं की साखर एकदम खाली येते, दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात. लोकलच्या गर्दीत तसं झालं तर कोण बघणार तुला?

शुक्रवारी वाडीतला एकजण कोकणकन्येने येतोय. त्याच्याबरोबर कुळथाचं पीठ आणि थोडे उकडे तांदूळ पाठवतो. खाजं मागितलं होतंस, ते वहिनींच्या नावाने वेगळं बांधून देतोय. पुडा त्यांच्याच ताब्यात राहू दे.

तुझा,
बाळ्या