आयटीआयच्या पोराची किंमत कमी कुणी ठरवली?

मा. कौशल्य विकास मंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत माझा मुलगा एका कारखान्यात प्रशिक्षणार्थी होता. गेल्या आठवड्यात मुदत संपली. हातात प्रमाणपत्र दिलं, गेटपास काढून घेतला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या मशीनवर नवा प्रशिक्षणार्थी. सहा महिन्यांची योजना २०२५ मध्ये तुम्ही पाच महिन्यांनी वाढवलीत, तेव्हा वाटलं होतं पोरगं आता चिकटेल.

मला एवढंच सांगा. या योजनेत महिन्याला बारावी पासला ६,०००, आयटीआयला ८,०००, पदवीधराला १०,००० हे विद्यावेतन कुणी ठरवलं? मेळाव्यांतून सांगता, पदवीच्या मागे धावू नका, कौशल्य शिका. ते ऐकून पोराने बी.कॉम.चा नाद सोडला, मशिनिस्टचा दोन वर्षांचा ट्रेड केला. आणि कुठल्याही पदवीधरापेक्षा तो २,००० रुपयांनी कमी, हे सरकारनेच कागदावर लिहून दिलं! मग मालक जास्त कशाला देईल?

मी स्वतः भोसरीत टर्नर होतो. आटे पाडायचं अवघड काम असलं की जॉब माझ्याच लेथवर यायचा. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं मशीन आलं आणि फीड, स्पीड, मापं सगळं वर ऑफिसात प्रोग्रामरकडे गेलं. खाली उरलं जॉब लावणं, बटण दाबणं, जॉब काढणं. त्याला ठेकेदाराचा माणूसही चालतो. प्रोग्रामरचा पगार चढत गेला. माझा आधी ओव्हरटाइम गेला, मग नोकरी. पाठीचं दुखणं तेवढं राहिलं, औषधाला महिन्याचे महिने उधारी. मुलावर ही पाळी नको म्हणून त्याला आयटीआयला घातलं, तर तिथे अख्ख्या वर्गाला एक सीएनसी. त्याच्या शेजारच्या पोराच्या बापाने बाहेर कॅड-कॅमचा, म्हणजे संगणकावर डिझाइन आणि मशीनचा प्रोग्राम करायचा क्लास लावून दिला, तो आज प्रोग्रामिंगला आहे. माझ्याकडे फीचे पैसे नव्हते.

२०२५ च्या जानेवारीत दावोसला १५ लाख कोटींच्या वर गुंतवणुकीचे करार केलेत. त्यातली किती कामं कायम आणि किती ठेक्यावर? आमदारांची पगारवाढ २०१६ साली चर्चेविना मंजूर होते, आणि आमच्या पोरांना किमान वेतन मागितलं तर तुम्ही म्हणता, हे कामगार नाहीत, प्रशिक्षणार्थी आहेत. पाळीला उभे राहतात, उत्पादन काढतात, तरी कामगार नाहीत? सगळी व्यवस्थाच स्वस्त हातांवर चालवायची ठरवली आहे तुम्ही.

आयटीआयचं विद्यावेतन पदवीधराइतकं करा. प्रोग्रामिंग आयटीआयमध्येच, मशीनवर हात ठेवून शिकवा. आणि जी कंपनी मुदत संपलेल्या पोराला बाहेर काढून त्याच जागी नवा प्रशिक्षणार्थी उभा करते, तिला पुढची तुकडी देऊ नका.

आपला,
एक माजी टर्नर, भोसरी