मर्लिन ओटीला 'ब्राँझ क्वीन' म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत वेगवान महिला धावपटूंवर आलेल्या लेखात जमैकाच्या मर्लिन ओटीच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या, आणि त्यांतही 'ब्राँझ क्वीन' म्हणून ओळखली जाणारी, ऑलिम्पिक सुवर्णाने कायम हुलकावणी दिलेली खेळाडू, एवढाच तिचा परिचय होता. माहिती चुकीची नाही. सात ऑलिम्पिक स्पर्धांत धावून तिने नऊ पदके मिळवली, त्यांतली तीन रौप्य आणि सहा कांस्य. सुवर्ण एकही नाही. परंतु १९८० पासून २००० पर्यंत जिची गणना जगातील अव्वल धावपटूंमध्ये होत राहिली, तिचे मोजमाप न मिळालेल्या पदकावरून व्हावे हे मनाला पटले नाही, म्हणून हे पत्र.

१९९३ मध्ये स्टुटगार्टच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेच्या गेल डेव्हर्सने आघाडी घेतली होती. ओटी तिच्या सवयीप्रमाणे उत्तरार्धात झपाट्याने जवळ येत गेली आणि रेषेवर दोघी बरोबरच पोचल्या. दोघींचीही वेळ १०.८२ सेकंद. शर्यतीत हात, पाय किंवा डोके आधी रेषेवर पोचून उपयोग नसतो. धड कोणाचे आधी पोचले हे छायाचित्रावरून ठरवतात, आणि त्या छायाचित्रात डेव्हर्स कणभर पुढे निघाली. तीन वर्षांनी अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्याच दोघी, तीच शर्यत, पुन्हा एकच वेळ, १०.९४ सेकंद, आणि पुन्हा सुवर्ण डेव्हर्सला. जमैकाने दाद मागितली, ती फेटाळली गेली. त्या निर्णयांबद्दल माझी तक्रार नाही, नियम सर्वांना सारखाच होता. मात्र शतांश सेकंद मोजणाऱ्या घड्याळालाही जिथे दोघींमध्ये फरक दाखवता आला नाही, तिथे 'ओटी पराभूत' या दोन शब्दांतून वाचकाला काहीच कळत नाही.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तेथे १०० मीटरमध्ये ओटी पाचवी आली. पाचवी म्हटल्यावर ती बरीच मागे पडली असावी असे कोणालाही वाटेल; पण विजेत्या डेव्हर्सची वेळ १०.८२ आणि ओटीची १०.८८ होती, म्हणजे पहिल्या पाच जणी अवघ्या सहा शतांश सेकंदांत रेषेपार झाल्या. लॉस एंजेलिसमध्ये १९८४ साली पी. टी. उषाचे कांस्य एका शतांश सेकंदाने हुकले, ती हळहळ आपल्याकडे अजून ओसरलेली नाही. मग ओटीच्या बाबतीतच हा अंश बिनमहत्त्वाचा का ठरावा?

तिच्या सुवर्णपदकांचाही लेखात उल्लेख नाही. स्टुटगार्टला १०० मीटरचे सुवर्ण गेल्यावर त्याच स्पर्धेत तिने २०० मीटर २१.९८ सेकंदांत जिंकली. १९९५ मध्ये गॉथेनबर्गलाही २०० मीटरचे सुवर्ण तिचेच. तेथे प्रथम आलेली अमेरिकेची ग्वेन टॉरेन्स लेनची रेषा तुडवल्यामुळे बाद झाली होती, हेही नमूद केले पाहिजे. जागतिक अजिंक्यपद स्पर्धांतील तिची एकूण पदके चौदा आहेत. बंदिस्त मैदानावरील २०० मीटरचा २१.८७ सेकंदांचा तिचा विश्वविक्रम १९९३ चा आहे आणि तो तीन दशकांहून अधिक काळ टिकला आहे.

मला स्वतःला तिची सर्वात मोठी शर्यत वाटते ती १९९७ ची, अथेन्सच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली, जी ती हरली. १०० मीटरच्या अंतिम फेरीत फॉल्स स्टार्ट झाला, म्हणजे कोणीतरी बंदुकीच्या आवाजाआधीच निघाले, शर्यत थांबवण्याचा इशारा झाला, बाकीच्या थांबल्या. ओटीला तो ऐकूच आला नाही. निम्मे अंतर ती एकटीच जीव तोडून धावत गेली आणि मग भानावर येऊन चालत परत आली. पुन्हा सुरू झालेल्या शर्यतीत ती सातवी आली, कारण पायांतले बळ आधीच खर्ची पडले होते. पण त्याच स्पर्धेत २०० मीटरचे कांस्यपदक तिने मिळवलेच. तेव्हा तिचे वय ३७ होते.

१९९९ मध्ये उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात तिच्यावर बंदी आली, पुढच्या वर्षी ती उठवून तिला दोषमुक्त करण्यात आले. सिडनी ऑलिम्पिकसाठी तिला संघात घेतल्यावरून जमैकाच्या पथकातच नाराजी उफाळली. अशा वातावरणात चाळिसाव्या वर्षी ती १०० मीटरमध्ये ११.१९ सेकंदांत चौथी आली. तिसरी आलेली तिचीच सहकारी टायना लॉरेन्स ११.१८ सेकंदांत पोचली होती. ती शर्यत जिंकलेल्या अमेरिकेच्या मॅरियन जोन्सचे सुवर्ण उत्तेजकांच्या सेवनामुळे काढून घेतले गेले, आणि सिडनीनंतर नऊ वर्षांनी कांस्य ओटीला मिळाले. सिडनीच्या रिलेत अठरा वर्षांची व्हेरोनिका कॅम्पबेल जमैकाकडून दुसऱ्या टप्प्यात धावली, तर शेवटचा टप्पा ओटीने धावून रौप्यपदक नक्की केले. पुढे स्लोव्हेनियाचे नागरिकत्व घेऊन ती अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ४४ व्या वर्षी उपांत्य फेरीत पोचली आणि २०१२ मध्ये हेलसिंकीच्या युरोपीय स्पर्धेत, बावन्नाव्या वर्षी, रिलेत उतरली.

आपल्याला एक विनंती आहे. शर्यतींचे निकाल छापताना केवळ विजेतीचे नाव आणि पदकांचे रंग न देता अंतिम फेरीतील सर्व धावपटूंच्या वेळा द्याव्यात. आठ नावे आणि आठ आकडे यांना फार जागा लागत नाही. आणि ओटीविषयी पुन्हा लिहिण्याचा प्रसंग आला, तर तिच्या नावाआधी ते टोपणनाव लावू नये.

आपली नियमित वाचक