एक प्रत शाईची, एक पेन्सिलची

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या टेबलावर ठेवून निघून येता आलं असतं. पण ‘त्यात काय एवढं, माझं कामच आहे ते’ असं म्हणून तुम्ही ते ड्रॉवरमध्ये सरकवलं असतं. शिवाय मुलीच्या करिअरचा सल्ला घ्यायला आलो तेव्हा तुमच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी ज्या चेहऱ्याने बसलो होतो, त्याच चेहऱ्याने आजही कितीतरी आईबाप कुठे ना कुठे बसलेले असणार. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव मात्र घालत नाही. घातलेलं तुम्हाला चालणार नाही, एवढं आता ओळखतो.

पहिल्या भेटीला मी एक्सेलचा तक्ता छापून आणला होता, आठवतं? चौदा ओळी, चौदा करिअर. प्रत्येकापुढे शिक्षणाची वर्षं, प्रवेश परीक्षा, खर्च, सुरुवातीचा पगार. नुकत्याच आठवीत गेलेल्या मुलीने त्यातली एक ओळ निवडायची, मग आपण तिथून उलटं मोजत येऊन नववीचे विषय ठरवायचे, असा माझा सुटसुटीत बेत होता. अडचण एवढीच की तिला काहीही विचारलं तरी उत्तर एकच यायचं : “मला काहीच आवडत नाही.” मी ते आळसाच्या खात्यात जमा करून मोकळा झालो होतो.

तुम्ही तक्ता घेतलात, नीट घडी घातलीत आणि म्हणालात, “हा आपण शेवटी उघडू.” मग तिच्याकडे वळून, “तुझा चष्मा दे जरा.”

तो चष्मा कोऱ्या कागदावर ठेवून तुम्ही विचारलंत, “हा तुझ्या नाकावर येईपर्यंत किती जणांचे हात लागले असतील?” ती म्हणाली, दोन. डोळे तपासणारा आणि दुकानदार. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मीही बोलू नये म्हणून माझ्याकडे एकदा बघितलंत, ते पुरलं. मग तिनेच सुरू केलं. काच घासणारा. काचेवर ओरखडे पडू नयेत म्हणून लेप देतात, तो लेप शोधून काढणारा रसायनांचा माणूस. फ्रेमचा आकार काढणारी. बिजागरीचा तो मुंगीएवढा स्क्रू बनवणारं यंत्र ज्याने बनवलं तो. नंबरची चिठ्ठी छापणारं सॉफ्टवेअर लिहिणारी. माल तपासणारा, पोचवणारा, जाहिरातीतलं वाक्य लिहिणारी. घरी येईपर्यंत सत्तावीस झाले होते आणि जिन्यात ती थांबून म्हणाली, “बाबा, माणसांच्या चेहऱ्याची रुंदी कोण मोजत असेल रे?” ‘काहीच आवडत नाही’ म्हणणाऱ्या मुलीचा कित्येक महिन्यांतला तो पहिला प्रश्न होता.

खरं सांगतो, त्या रात्री मी वाचायला बसलो ते तुम्ही चुकताय हे सिद्ध करायला. चष्म्याचे खेळ ठीक आहेत, पण निर्णय कधी घ्यायचा? झालं उलटंच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं कामधंद्यांचं एक वर्गीकरण आहे, २००८ सालचं. त्यात ४३६ गट आहेत. नुसते गट, एकेका गटात पुन्हा कितीतरी कामं. माझ्या तक्त्यात चौदा ओळी! आणि हा काही माझ्या एकट्याचा दोष नाही. ओईसीडी (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये ४१ देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींची उत्तरं मांडली होती. तिशीत तुम्ही कोणतं काम करत असाल, असा प्रश्न होता. मुलांपैकी ४७ टक्के आणि मुलींपैकी ५३ टक्के त्याच त्या दहा कामांत अडकलेले. म्हणजे निम्मं जग दहा खुर्च्यांकडे बघत रांगेत उभं आहे. इतर खुर्च्या आहेत हे कुणी दाखवलेलंच नाही.

दुसऱ्या भेटीत जे घडलं ते लिहायला जड जातंय, पण आभार मानायचे तर तेही लिहायला हवं. सत्तावीस कामांपैकी नको वाटतात ती खोडायला तुम्ही तिला सांगितलंत. काच घासणाऱ्यावर तिने पहिल्या फटक्यात काट मारली. तुम्ही कारण विचारलंत. ती अगदी सहज म्हणाली, “ते आपल्यासारख्यांचं काम नाही.” तुम्ही तिला रागावला नाहीत. माझ्याकडे तर बघितलंही नाहीत, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं. हे वाक्य कुणाचं, ते मला कळलं होतं. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाची पाठ वळल्यावर ते मीच बोललो होतो.

पुढे तुम्हीच मला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांची १९८१ सालची मांडणी समजावून सांगितलीत. मूल मोठं होताना काय व्हायचं ते ठरवत जातं, असं आपण समजतो. त्या म्हणतात, ते काय व्हायचं नाही ते ठरवत जातं. सहा ते आठ या वयात ‘हे मुलांचं, हे मुलींचं’ म्हणून कामं गळतात. नऊ ते तेरामध्ये ‘हे वरचं, हे खालचं’ म्हणून. आपली स्वतःची आवड काय, हा प्रश्न येतो चौदाच्या सुमाराला, आणि तोवर यादी बरीचशी कापून झालेली असते. कापणाऱ्याला आपण कात्री चालवली हे आठवतही नाही. तेरा वर्षांच्या मुलीकडून मी एक ओळ मागत होतो, तीही अशा यादीतून जी मी आधीच छाटून ठेवली होती.

कल चाचणीवरून आपलं थोडं वाजलं होतं. मला निकाल हवा होता, एक्स-रेसारखा. बघा, इथे इंजिनिअर दिसतोय, असा. तुम्ही मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांचे आवडीनुसार पाडलेले माणसांचे सहा प्रकार कागदावर काढलेत : हातांनी करणारा, शोध घेणारा, कलेत रमणारा, माणसांत रमणारा, पुढाकार घेऊन पटवणारा, नीटनेटकी मांडणी करणारा. हे हॉलंड दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यात भरती होणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायचे. तऱ्हेतऱ्हेची माणसं, पण त्यांच्या कामांच्या इतिहासात ठरावीक नमुने पुन्हा पुन्हा दिसायचे, तिथून त्यांच्या विचाराची सुरुवात. लेकीचे शोध आणि मांडणी हे दोन वर आले, तर मी लगेच “म्हणजे सीए?” असं विचारलं. तुम्ही हसलात. म्हणालात, या चाचणीत आवड कळते, कुवत नाही, आणि या वयातली आवड अजून हलती असते. “हा एक्स-रे नाही, आजचा फोटो आहे. पुढच्या वर्षी पुन्हा काढू.” त्या क्षणी मला फसवल्यासारखं वाटलं होतं. आता नाही वाटत.

“वेळ कधी विसरतेस?” या प्रश्नालाही असंच झालं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, लहान भावंडांसाठी खेळाचे नियम नव्याने लिहिताना, म्हणजे भांडण होणार नाही असे. मी उडालोच : “वकील!” तुम्ही हात वर केलात, बस थांबवतात तसा. नियम लिहिणारी माणसं न्यायालयात असतात, तशीच खेळ बनवणाऱ्यांत असतात, प्रोग्रॅमिंगमध्ये असतात, यंत्रांच्या सुरक्षेची मानकं ठरवणाऱ्यांत असतात, आणि पहिलीच्या वर्गावरही असतात. पाच नावं तुम्ही कागदाच्या पाच कोपऱ्यांत लिहिलीत (कागदाला चारच कोपरे, पाचवं मध्यभागी) आणि एकाखालीही रेघ मारली नाहीत. आजवर मारलेली नाही. मुलीचं भविष्य सांगायला तुम्ही नकार दिलात, त्याचे मी सर्वांत जास्त आभार मानतो.

मुलाखतींचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. कामं पुस्तकात वाचायची नाहीत, करणाऱ्याला विचारायची, आणि पहिली मुलाखत घरातच, हा तुमचा दंडक. प्रश्नही तुमचेच. काल सकाळी अकरा वाजता तुम्ही नेमकं काय करत होता? या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता? कुणाची चूक तुम्हाला निस्तरावी लागते? मी विम्याच्या दाव्यांचं काम करतो. लेकीला तेरा वर्षं माझं काम म्हणजे ‘ऑफिस’ एवढंच माहीत होतं. काल अकराला मी एका आगीच्या दाव्यातल्या दोन बिलांच्या तारखा का जुळत नाहीत ते बघत होतो, असं सांगितलं, तर ती वही सोडून पुढे सरकली. “मग? खोटं बिल होतं?” नव्हतं; छपाईची चूक होती. तिला थोडं वाईट वाटलं. मग तिने स्वतःचा एक प्रश्न जोडला, “हे सोडावंसं कधी वाटलं होतं?” त्याचं उत्तर मी आधी टाळलं आणि जेवण झाल्यावर दिलं. ते इथे लिहीत नाही. पण आमच्या घरात पैशावर, भीतीवर आणि मोडलेल्या बेतांवर इतकं सरळ बोलणं याआधी झालेलं नव्हतं.

पैशाचा विषय निघालाच आहे तर : पगार विचारू नये असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, तो तिसऱ्या-चौथ्या प्रश्नावर ढकललात आणि त्याचं रूप बदललंत. ‘सुरुवातीच्या पाच वर्षांत घर कसं चालवलंत?’ यावर तुमच्याशी माझं अजूनही थोडं भांडण आहे. मला आकडा लागतो. पण या प्रश्नाला माणसं जी उत्तरं देतात ती आकड्याहून उपयोगी असतात, हे कबूल करतो.

आता नववीच्या विषयांकडे येतो, कारण आलो होतो त्यासाठीच. पुढच्या वर्षी गणिताचा सोपा पर्याय घ्यायचा, हे लेकीने ठरवून टाकलं होतं, आणि इथे मला वाटलं होतं तुम्ही माझ्या बाजूने उभ्या राहाल. तुम्ही कुणाच्याच बाजूने राहिला नाहीत. तिला फक्त विचारलंत, “विषय आवडत नाही, शिकवणारे आवडत नाहीत, की मार्क आवडत नाहीत? तिन्हींची औषधं वेगळी आहेत.” ती उत्तर शोधत मागे मागे गेली आणि पाचवीत थांबली. कांजिण्यांमुळे तीन आठवडे घरी, परत आली तेव्हा वर्गात अपूर्णांक संपलेले. तेव्हापासून ती छेद बघितला की अंदाजाने ठोकत होती, आणि आम्ही चार वर्षं तिला ‘लक्ष दे’ म्हणत होतो. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांवरचा २०१२ सालचा एक अभ्यास तुम्ही मला दाखवलात : दहाव्या वर्षी अपूर्णांक आणि भागाकार किती कळलेत, यावरून पुढे पाच-सहा वर्षांनी बीजगणित कितपत जमेल याचा अंदाज येतो, घरची परिस्थिती आणि बुद्धी वगळून बघितलं तरीही. म्हणजे करिअरचा मोठा प्रश्न म्हणून मी जो घेऊन आलो होतो, त्याचं मूळ पाचवीच्या वहीत होतं. सहा आठवडे, रोज वीस मिनिटं, फक्त अपूर्णांक. गणित तिला अजूनही आवडत नाही. पण आता ती ते भीतीपोटी सोडणार नाही. सोडलंच तर नावडतं म्हणून सोडेल, आणि सोडणं सोपं पण परत येणं अवघड, हे माहीत असताना सोडेल.

आठवड्याच्या १६८ तासांची एकेक चौकट आखलेला कागद तर मीच बिघडवला होता. तिने शाळा, अभ्यास, खेळ भरल्यावर मी हळूच दोन शिकवण्या घुसवल्या. तुम्ही चौकटी मोजल्यात आणि झोप सहा तासांवर आल्याचं दाखवलंत. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास लागतात, एवढंच म्हणालात आणि खोडरबर माझ्यापुढे सरकवलंत. मी खोडलं. निमूटपणे.

परवा विषयांचा फॉर्म भरायचा दिवस होता. तुम्ही तिला सांगून ठेवलं होतं की पुढच्या चार वर्षांचा आराखडा पेन्सिलनेच लिहायचा, दर वर्षी बसून पुन्हा बघायचा, आणि एक विषय असा ठेवायचा ज्याचा कशालाही उपयोग नसला तरी चालेल. पण फॉर्मवर छापलं होतं : ‘शाईनेच भरावा.’ ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग कोऱ्या फॉर्मची झेरॉक्स काढून आणली. एक प्रत शाईने भरून शाळेत दिली, दुसरी पेन्सिलने भरून तुमच्या त्या पाच कोपऱ्यांच्या कागदासोबत स्वतःच्या कपाटात ठेवली. दोन्हींत थोडा फरक आहे म्हणे. मी बघायला मागितली तर म्हणाली, “शेवटी उघडू.”

आपला कृतज्ञ,
चौदा ओळींच्या तक्त्याचा बाबा

ता. क. तो तक्ता तुमच्याकडेच राहू द्या. कागदाची मागची बाजू कोरी आहे, पुढच्या कुणाच्या तरी चष्म्याखाली ठेवायला होईल.