बालकल्याण समितीवर गेलेल्या मित्रास

पर्वरी, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

निराधार आणि हेळसांड झालेल्या मुलांचं पुढे काय करायचं हे ठरवणाऱ्या बालकल्याण समितीवर तुझी नेमणूक झाल्याचं कळलं आणि मनापासून बरं वाटलं. फोनवर तू म्हणालास, "जन्मभर शाळा चालवली, पण मुलांच्या मानसिक आरोग्यातलं मला काय कळतं? वाचू तरी काय?" याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून आज सवडीने लिहायला बसले आहे.

कायद्याची काळजी करू नकोस. २०१५ चा बाल न्याय कायदा तू आठवडाभरात पचवशील. महिन्यातून किमान २० दिवस समितीची बैठक, मूल सापडल्यापासून २४ तासांत समितीपुढे, १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल, ४ महिन्यांत अंतिम आदेश. शिवाय आपल्या गोव्याचा २००३ चा वेगळा बाल कायदा आहेच. हे सगळं छापलेलं आहे. मला बोलायचंय ते तुझ्या टेबलावर येणाऱ्या त्या सामाजिक तपासणी अहवालाबद्दल. माझी नोकरी आणि पुढचं संशोधन त्या कागदाभोवतीच गेलं.

तो म्हणजे फॉर्म २२. आईवडील, उत्पन्न, घर, शाळा, सवयी, रकान्यांमागून रकाने. मी चाळलेल्या कितीतरी फाईलींत मुलाच्या मनाविषयी एकच शब्द असायचा, "सामान्य". नाहीतर "हट्टी", "खोटं बोलतो", "अभ्यासात लक्ष नाही". लिहिणारी माणसं कामचुकार नसतात, हे आधीच सांगते. एकेकाकडे ढीगभर केसेस, आज मडगाव स्टेशन तर उद्या वास्कोचं बायणा, आणि मुलाकडे नेमकं काय बघायचं हे त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं. मूल मान खाली घालून गप्प बसलं की "शांत स्वभावाचा" लिहून मोकळं व्हायचं. मूल कन्नड किंवा हिंदी बोलणारं आणि विचारणारा कोंकणी, असं असेल तर तेवढंही धड होत नाही. आणि पुढे समिती त्या एका शब्दाच्या भरवशावर मुलाचं पुढचं वर्ष ठरवते. मला हे फार लागतं. अजूनही लागतं.

या बाबतीत मी सर्वांत जास्त कोणाकडून शिकले असेन तर जॉन लायन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडून. भेट कधी झाली नाही, लिखाणातूनच शिकले. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात तो बरीच वर्षं होता. सुरुवातीला त्याचा विषय होता मनोरुग्णालयातली भरती: कोणाला दाखल करायचं आणि कोणाला नाही, हे डॉक्टर नक्की कशावरून ठरवतात? तिथून तो इलिनॉय राज्याच्या बालकल्याण खात्यातल्या मुलांकडे वळला. १९९० च्या दशकात तिथे पुष्कळ मुलं निवासी उपचारकेंद्रांत ठेवलेली होती. लायन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या गरजा नीट तपासल्या, तेव्हा दिसलं की त्यांतल्या बऱ्याच मुलांची गरज एवढ्या बंदोबस्ताची नव्हतीच. मुलाला काय हवंय आणि त्याला काय दिलं जातंय, यांचा मेळच नव्हता.

त्यातून 'कॅन्स' हे साधन उभं राहिलं. पूर्ण नाव चाइल्ड अँड अॅडोलसंट नीड्स अँड स्ट्रेंग्थ्स, म्हणजे मुलाच्या गरजा आणि त्याची बळं. पुढे लायन्स कॅनडात ओटावाला गेला, मग शिकागोची चॅपिन हॉल ही संशोधनसंस्था, मग केंटकी विद्यापीठ. जागा बदलल्या, काम तेच राहिलं.

आता हे साधन चालतं कसं ते सांगते, कारण तुला रोज उपयोगी पडेल ते हेच. प्रत्येक मुद्द्याला शून्य ते तीन असा अंक. शून्य म्हणजे इथे काही करायची गरज दिसत नाही. एक म्हणजे लक्ष ठेवा. दोन म्हणजे काहीतरी करायलाच हवं. तीन म्हणजे आत्ता, ताबडतोब. अंक आजाराची खोली मोजत नाही, आपण काय करायचं ते सांगतो. आणि या अंकांची बेरीज करून निर्णय घ्यायचा नाही! तू मुख्याध्यापक, तुला लगेच पटेल. प्रगतिपुस्तकात एकूण टक्के बघून पोरगं गणितात बुडतंय हे कळत नाही, तसंच हे. झोप, राग, शाळा, जवळच्या माणसाचा मृत्यू, प्रत्येक ओळ सुटी वाचायची. २००९ मध्ये लायन्सने यावर पुस्तक लिहिलं, त्यात त्याचं म्हणणं हेच की मोजमाप हे मुळात एकमेकांशी बोलण्याचं साधन आहे. पोलीस, समुपदेशक, बालगृहाचा अधीक्षक, आई आणि तू, या सगळ्यांनी एका मुलाबद्दल एकच गोष्ट बोलावी, यासाठी ते करायचं.

त्याचे दोन नियम मला फार मोलाचे वाटतात. पहिला: साधारण गेल्या ३० दिवसांतलं बघा. तीन वर्षांपूर्वी पळून गेला होता म्हणून आजही "पळपुटा" हे चालणार नाही. दुसरा: मुलाला मोजा, त्याच्याभोवतीच्या बंदोबस्ताला नको. बालगृहात चोवीस तास कोणीतरी पाठीशी उभं आहे म्हणून मूल शांत असेल, तर तो माणूस बाजूला काढल्यावर काय होईल ते डोळ्यांपुढे आणून अंक द्यायचा. "बालगृहात चांगली वागणूक" या एका ओळीवर मुलांना घरी पाठवून नंतर सगळ्यांनी कपाळावर हात मारलेला मी पाहिला आहे.

एक मुलगा सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. वय अकरा-बारा. अहवालात लिहिलं होतं, "चोरीची सवय, खोटं बोलतो". चोरी कसली? सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेला की पाव कमी भरायचे. ते याच्या उशीच्या अभ्र्यात सापडायचे, दगडासारखे कडक झालेले, काहींना बुरशी आलेली. खायचा नाही, नुसता ठेवायचा. अधीक्षकांनी "गैरवर्तन" या ओळीला तीन दिला. समुपदेशक मुलीने तिथे शून्य दिला आणि उपासमार-हेळसांड या ओळीला तीन. आम्ही बसून बोललो. अधीक्षक भला माणूस, पण शिस्तीचा. मी त्यांना एवढंच विचारलं, "तुम्ही दिलेल्या तीनवर उद्या सकाळी आपण काय करायचं? आणि तिच्या तीनवर?" त्यांच्या तीनवर शिक्षा होती. तिच्या तीनवर रात्री झोपताना मुलाच्या हातात एक पाव द्यायचा होता, न मागता, रोज. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, देऊन बघूया. काही आठवड्यांनी अभ्रा रिकामा राहू लागला.

त्याच बैठकीत बळांची पानं भरताना सगळे अडले. "याच्यात चांगलं काय?" कोणालाच सांगता येईना. तेवढ्यात स्वयंपाकघरातली बाई दारातून म्हणाली, "चवथीच्या आरतीला घुमट कोण वाजवतो मग? ताल सोडत नाही पोर." फाईलीत याची एक ओळही नव्हती. नंतर शेजारच्या वाड्यावरच्या आरती पथकात त्याला जाऊ द्यायचं ठरलं, आणि बालगृहाच्या भिंतीबाहेर त्याला ओळखणारी पहिली चार माणसं त्या पथकात मिळाली. म्हणून माझा आग्रह असतो की स्वयंपाकीण, ड्रायव्हर, राखणदार यांनाही विचारावं. त्यांना मुलं जास्त माहीत असतात.

'कॅन्स' आपल्याकडे सरकारी रीत नाही, हे तुला ठाऊक असावं. ते विनामूल्य मिळतं, पण वापरणाऱ्याने प्रशिक्षण घेऊन नमुना केसवर परीक्षा द्यायची असते आणि ठरलेल्या अंकांशी ०.७० इतका मेळ (पूर्ण मेळ म्हणजे १) बसला तरच पास. ही कडक अट मला योग्य वाटते. तू उद्यापासून ते वापर, असं मी म्हणत नाही. पण त्यामागचे प्रश्न वापरायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता गोव्याचं. २००८ मध्ये आपल्याकडच्या १२ ते १६ वयाच्या २,०४८ मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मानसिक विकार निघाले १.८ टक्के मुलांत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात हेच प्रमाण ७.३ टक्के आलं. वय वेगळं, पद्धत वेगळी, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी मांडून गोव्याची पाठ थोपटू नये. मला त्या अभ्यासातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. मारहाण किंवा शिवीगाळ झालेली, अभ्यासात अडखळणारी, असुरक्षित वस्तीत राहणारी मुलं जास्त त्रासात होती. आणि अडीअडचणीला ज्यांचा पहिला आधार घरचीच माणसं होती, त्यांच्यात विकार कमी होते. तुझ्या समितीला हे थेट लागू आहे. कायद्याचंही तत्त्व हेच की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. म्हणून बाप दारुडा आहे एवढं वाचून फाईल मिटू नकोस. आजी आहे का, मावशी आहे का, सणाला मूल कोणाकडे जातं, हे विचार. ते अहवालात नसेल तर अहवाल परत पाठव. तो अधिकार तुझा आहे आणि तो वापरताना संकोच करू नकोस.

राहिलं "मला काय कळतं" हे. अरे, याचं उत्तर गोव्यानेच जगाला दिलं आहे! मानसिक आरोग्यावर काम करणारी संगात ही संस्था १९९६ मध्ये इथे सुरू झाली. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशक म्हणून बसवलं. २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले: सरकारी केंद्रांत नैराश्य-चिंतेचे ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले, नेहमीच्या उपचारांत ४२.५ टक्के. ते रुग्ण प्रौढ होते, खरं. पण शिकवलं तर साधा माणूसही हे काम नीट करू शकतो, एवढं त्यातून दिसतं. चाळीस मुलांच्या वर्गात कोणतं मूल आज जेवून आलेलं नाही हे तुला दारातून कळायचं. त्या नजरेला थोडी शिस्त लावायची, बस्स. आणि जिथे तीन दिसेल, म्हणजे मूल स्वतःला इजा करतंय, जीव द्यायची भाषा बोलतंय, तिथे आपण शहाणपण करायचं नाही, त्याच दिवशी बांबोळीला मानसोपचार संस्थेत पाठवायचं.

अजून एक. फॉर्म ७ मध्ये प्रत्येक मुलाची वैयक्तिक काळजी योजना असते. पहिले तीन महिने दर पंधरवड्याला आणि नंतर दर महिन्याला प्रगती लिहायची असते. बहुतेक ठिकाणी मागचीच ओळ पुन्हा उतरवली जाते. तू मागच्या वेळचा कागद शेजारी ठेवून विचार: दोनचा एक झाला का? नसेल झाला, तर आपण जे करतोय त्यात काय बदलायचं? मुलात काय बदलायचं हे नंतर.

येत्या रविवारी मी डिचोलीला येते. कोरे फॉर्म आणि दोन नमुना केसेस बरोबर आणते. आपण दोघांनी एकमेकांचं न बघता अंक टाकायचे आणि मग कुठे जुळत नाहीत ते बघायचं. समितीतल्या दुसऱ्या कोणाला बसायचं असेल तर बोलाव, चौघेजण असले तर जास्त बरं. तुझी पहिली बैठक त्याआधीच असेल तर मात्र मला कळव, मी शनिवारी संध्याकाळीच निघेन.

वहिनींना नमस्कार.

तुझी मैत्रीण