बिल पास करायच्या आधी लिनक्सवर चालवून दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा पेपरात घरच्या आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरबद्दल भरपूर छापून आलं, कॉलेजच्या लॅबचं काय होणार हे मात्र कुठे दिसलं नाही, म्हणून हे पत्र. मी इचलकरंजी भागातल्या एका कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशनची लॅब बघतो. आमचे बरेचसे पीसी इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीचे, विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही, नवीन घ्यायला फंड नाही, मग टाकलं लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी, खुल्या कोडची ऑपरेटिंग सिस्टिम. टायपिंग, ब्राउझर, सी प्रोग्रॅमिंग सगळं मस्त चालतंय. घोडं अडलं ते यूएसबीवरच्या मोजमापाच्या उपकरणांपाशी, म्हणजे व्होल्टेज-टेंपरेचर वाचणारी डॅक (डेटा अ‍ॅक्विझिशन) मॉड्यूलं, रीडिंग साठवणारे लॉगर वगैरे.

कॅटलॉगमध्ये 'लिनक्स सपोर्टेड' असं ठळक छापलेलं असतं हो. पण एका सप्लायरकडे मागितल्यावर आम्हाला मिळालं काय, तर एक झिप फाइल, तिच्यात ३२ बिटची तयार लायब्ररी (उपकरणाशी बोलणारा कोड), सोर्स कोड, म्हणजे वाचता-बदलता येणारा मूळ प्रोग्रॅम, नाहीच, आणि एक्झाम्पल प्रोग्रॅम पायथन २ मधले, ज्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच बंद झालाय. आमची मशीन ६४ बिट, तिथल्या प्रोग्रॅमला ३२ बिटची लायब्ररी जोडता येत नाही. आता हे पोरांना कसं शिकवायचं?

एक्झाम्पल प्रोग्रॅम म्हणजे कंपनीने फुकट दिलेली एक्स्ट्रा वस्तू असं खरेदी करणाऱ्यांना वाटतं. खरं तर विद्यार्थी तिथूनच शिकतो, चॅनेल कसा उघडायचा, रेंज कशी द्यायची, रीडिंग कसं घ्यायचं हे त्या शंभरेक ओळींत असतं आणि ते आपल्या मशीनवर बिल्ड होऊन (सोर्समधून चालता प्रोग्रॅम तयार होऊन) चाललं की पुढचं प्रोजेक्ट पोरं स्वतःच करतात.

आणि हे जमत नाही असं अजिबात नाही. अमेरिकेतल्या मेझरमेंट कॉम्प्युटिंग कंपनीच्या यूएसबी मॉड्यूलांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर आधी वॉरन जॅस्पर या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्राध्यापकांनी लिहिले, सोर्ससकट सगळ्यांना खुले, आणि ते चक्क टेक्स्टाइलचे प्राध्यापक! (आमच्या गावात टेक्स्टाइलवाले कमी नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.) पुढे कंपनीने स्वतःच यूएलडॅक नावाची ओपन सोर्स लायब्ररी काढली. कंपायलर, मेक आणि लिबयूएसबी या यूएसबीच्या लायब्ररीचं डेव्ह पॅकेज (बिल्डला लागणाऱ्या हेडर फाइल्सचं) एवढं असलं की कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल या तीन कमांड, झालं काम. एक्झाम्पल्सच्या फोल्डरमध्ये एआयएन नावाचा प्रोग्रॅम असतो तो चालवला की स्क्रीनवर व्होल्टेज हलताना दिसतं.

अडचणी येतात त्याही ठरलेल्याच. 'लिबयूएसबी डॉट एच सापडत नाही' अशी एरर आली तर नुसती लायब्ररी टाकलीय, डेव्ह पॅकेज राहिलंय. प्रोग्रॅम बिल्ड झाला पण डिव्हाइस सापडत नाही म्हणतो आणि सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावलं की चालतो, तर परमिशनचा घोळ आहे, तिथे लोक सरळ सगळ्या पोरांना सुडोचा पासवर्ड देऊन टाकतात, कृपया असं करू नका. एलएसयूएसबी कमांडने व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी बघायचा, त्याची एक ओळीची यूडेव्ह रूलची फाइल (ते उपकरण कुणाला वापरता येईल हे सांगणारी) करायची, रूल रीलोड करायचे, केबल काढून परत लावायची. बऱ्याच डिजिटल स्कोपना तर कंपनीचा वेगळा ड्रायव्हरही लागत नाही, ते यूएसबीटीएमसी या मोजमापाच्या उपकरणांच्या स्टँडर्डचे असतात आणि त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे.

आपल्या देशातलंही उदाहरण आहे. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने बनवलेलं एक्स्पआइज हे कॉम्प्युटरला जोडायचं प्रयोगाचं उपकरण, कमी खर्चात फिजिक्सचे कितीतरी प्रयोग होतात, हार्डवेअरचं डिझाइन आणि पायथनचा कोड दोन्ही खुलं.

माझी मागणी साधी आहे. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर किंवा कोटेशनने डिमांड टाकताना स्पेसिफिकेशनमध्ये एक ओळ वाढवा, की एक्झाम्पल प्रोग्रॅमचा सोर्स द्यायचा आणि आमच्या लॅबच्या चालू लिनक्स मशीनवर, सुडो न वापरता, आमच्यासमोर बिल्ड करून रीडिंग दाखवायचं, त्यानंतरच बिल पास. एल-वनच्या, म्हणजे सगळ्यात कमी दराच्या नादात ही अट कुणी घालत नाही, आणि मग वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते अन् कपाटात बसते. तंत्रशिक्षण खात्याने सगळ्या कॉलेजांना असं एक परिपत्रकच काढलं तर सप्लायरही आपोआप तयारी करून येतील.

आणि हो, डेमोच्या दिवशी चाललेल्या कोडची एक कॉपी डिपार्टमेंटमध्ये जपून ठेवा, मॉडेल बंद झालं की डाउनलोडची लिंकही राहील याची गॅरंटी नसते.

– एक लॅब असिस्टंट, जि. कोल्हापूर