रात्री दहानंतर रस्त्यावर दिसणाऱ्या मुलांविषयी : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मुंबईतल्या एका रात्रशाळेत गणित शिकवतो. यंदाचं माझं एकविसावं वर्ष. गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या रहिवाशांची बैठक झाली आणि तिथे आपल्याला द्यायचं एक निवेदन वाचून दाखवलं गेलं. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना पालक सोबत नसतील तर रात्री दहा ते पहाटे पाच रस्त्यावर फिरायला बंदी घालावी, कुणी दिसलं तर चौकीत बसवावं आणि आईवडिलांना बोलावून दंड करावा, अशी मागणी त्यात आहे. पुष्कळांनी सह्या केल्या. त्यात माझ्या रोजच्या ओळखीची, चांगली माणसं होती. मी सही केली नाही. का केली नाही, हे त्या गडबडीत मला नीट सांगता आलं नाही, म्हणून आपल्याला लिहितो आहे.

आधी त्या बैठकीतल्या एका बाईंबद्दल सांगतो. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा. दोन वर्षांत तो नशेच्या नादी लागला. घरातली भांडी विकली, बहिणीचे पैंजण विकले. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "दहा वाजता तुम्ही त्याला घरात कोंडा, मी तुमचे पाय धुऊन पाणी पिईन." सगळे गप्प झाले. मीही. त्या माउलीची रात्र काय असते, याची कल्पना असूनच मी पुढचं लिहितो आहे.

आमची शाळा संध्याकाळी साडेसहाला भरते आणि साडेनऊला सुटते. इमारत दिवसाच्या शाळेची आहे, बाकं लहान मुलांची. माझ्या दहावीच्या पोरांचे गुडघे बाकाला टेकतात. कुणी कुरिअरची पाकिटं पोचवून येतो, कुणी हॉटेलात, कुणी दुकानात काम करून. एक मुलगी तीन घरची धुणीभांडी उरकून येते. शाळा सुटल्यावर ही मुलं परळ स्टेशन गाठतात आणि दिवा, मुंब्रा, कल्याणकडे जातात. गाडी वेळेवर मिळाली तरी दिव्याला उतरेपर्यंत अकरा वाजत येतात. त्यापुढे चाळीपर्यंत चालायचं. म्हणजे बंदीचे दहा वाजतील तेव्हा माझा निम्मा वर्ग गाडीच्या दारात लटकलेला असेल.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात आपल्या राहत्या घरी शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवस ज्याचा स्वतःचा नाही, त्याला शिकायला रात्रच उरते, हे त्यांना तेव्हा उमगलं होतं. मुंबईत गिरण्यांच्या काळात रात्रशाळा वाढल्या त्याही याच कारणाने. गिरण्या गेल्या, पण दिवस विकून रात्री शिकणारी मुलं राहिली.

दोन वर्षांपूर्वी, बोर्डाची परीक्षा तोंडावर आली असताना, रात्री सव्वाअकराला मला फोन आला. "सर, मी चौकीत आहे." दहावीतला मुलगा, सोळा पूर्ण. मी चालत गेलो. तो भिंतीला लागून बाकावर बसला होता आणि त्याची सॅक टेबलावर रिकामी केलेली होती. जेवणाचा डबा, भूमितीचं पुस्तक, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कामाचा टी-शर्ट, रेल्वेचा पास आणि कंपासपेटी. पेटीतलं करकटक बाहेर काढून टेबलाच्या कडेला वेगळं ठेवलं होतं. हे कशाला बाळगतोस, असं त्याला विचारलं गेलं होतं. "स्पर्शिका काढायला," त्याने सांगितलं. समोरच्याला ते कळलं नाही आणि याला दुसऱ्या शब्दांत सांगता येईना.

त्या रात्री जवळपास कुणाचा तरी मोबाइल चोरीला गेला होता. हा धावताना दिसला म्हणून थांबवला. तो धावत होता कारण त्याची गाडी सुटत होती. मी ओळख पटवल्यावर ड्यूटीवरच्या साहेबांनी त्याला सोडलं. मारहाण झाली नव्हती, शिवीगाळही नाही. साहेबांनी स्वतः करकटक उचलून पेटीत ठेवलं, ते मला आठवतं. त्यांच्यावर माझा रोष नाही. मुलाला मी घरी नेलं, कारण दिव्याहून त्याच्या वस्तीकडे जाणारा रस्ता इतक्या उशिरा मलाच धोक्याचा वाटला. सकाळी तो तोच टी-शर्ट घालून कामावर गेला. त्यानंतर पंधरा दिवस शाळेत आला नाही. परीक्षेला महिना उरला होता. विचारलं तर म्हणाला, "उशीर होतो ना सर."

महोदय, हे बंदी नसताना झालं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ आपल्याला ठाऊक आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत सापडणाऱ्यावर त्याखाली कारवाई होते. २०२२ साली गिरगावच्या न्यायालयात या कलमाखालचा एक खटला उभा राहिला. रात्री दीडच्या सुमारास रस्त्यावर बसलेल्या माणसाची निर्दोष सुटका झाली. मुंबईसारख्या शहरात रात्रीचा दीड म्हणजे फार उशीर नव्हे आणि रात्रीची संचारबंदी लागू नसताना रस्त्यावर असणं हा गुन्हा होत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. मोठ्या माणसाला जो आधार न्यायालयाने दिला, तोच निवेदनातली मागणी मान्य झाली तर सोळा वर्षांच्या मुलाकडून काढून घेतला जाईल. त्याने काही केलं की नाही हा प्रश्नच उरणार नाही. किती वाजले एवढंच पाहिलं जाईल.

बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या अगदी उलट दिशेने जातो. मुलाला कोठडीत ठेवायचं नाही, प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असावा, मूल ताब्यात घेतलंच तर चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं, असं तो सांगतो. किरकोळ प्रकरणात गुन्हा नोंदवण्याऐवजी डायरीत नोंद करून मुलाच्या घरची परिस्थिती लिहून पाठवावी, असं नियम म्हणतात. हा कायदा करणाऱ्यांनी मुलाला पोलीस ठाण्यापासून शक्य तितकं लांब ठेवायचा विचार केला. आणि आता आम्ही नागरिकच म्हणतो आहोत की रोज रात्री त्यांना चौकीत बसवा.

बैठकीत मी शाळेचा मुद्दा काढला तेव्हा लगेच उत्तर आलं, "शाळेच्या मुलांना सूट देऊ की. तुम्ही चिठ्ठी द्या." ते मी आधीपासूनच करतो आहे. त्या रात्रीनंतर मी शाळेच्या लेटरहेडवर चिठ्ठ्या लिहायला लागलो : हा विद्यार्थी रात्री साडेनऊपर्यंत वर्गात होता, अमुक स्टेशनला जातो, खाली माझा मोबाइल नंबर. पोरं ती पासच्या कव्हरमध्ये ठेवतात. घामाने आणि पावसाने ती विरते, मग मी दुसरी लिहितो. पण ज्याची त्या दिवशी शाळा बुडाली त्याचं काय? आईला केईएममध्ये दाखल केलंय आणि बाहेर मेडिकलवर औषध आणायला धाकट्याला पाठवलंय, त्याला चिठ्ठी कुणी द्यायची? बाप दारू पिऊन मारतो म्हणून दोन तास नाक्यावर येऊन बसणाऱ्या मुलीने कुठल्या कागदावर काय लिहून आणायचं? त्या मुलीला "पालकांच्या ताब्यात" देणं म्हणजे तिला कुठे परत पाठवणं, याचा विचार निवेदन लिहिणाऱ्यांनी केलेला नाही.

आता माझा खरा मुद्दा. मुलांच्या रात्रीबद्दल आपल्याकडे कायदा नाही असं लोक समजतात. तो आहे, आणि चांगला आहे. बाल व किशोर कामगार कायद्यानुसार चौदा ते अठरा वयाच्या मुलाला संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात कामावर ठेवता येत नाही. विश्रांती धरून दिवसाचे सहा तास, त्याहून जास्त काम घेता येत नाही. चौदाच्या आतल्या मुलाला तर घरच्या उद्योगात शाळा सांभाळून केलेली मदत आणि कलाकार म्हणून केलेलं काम सोडलं तर कामावर ठेवायलाच मनाई आहे. मूळ कायदा १९८६चा, किशोरांना त्यात २०१६च्या दुरुस्तीने आणलं. म्हणजे रात्रीची वेळ ठरवून दिलेली आहेच, आणि ती ठरवून दिली आहे मालकाला.

माझ्या वर्गातला एक मुलगा साडेनऊला शाळा सुटल्यावर घरी जात नाही. केटरिंगवाल्याकडे जातो. लग्नसराईत एक-दीडपर्यंत भांडी घासतो. सकाळी त्याच्या बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली असतात, पेन नीट धरवत नाही म्हणून अक्षर बिघडतं. तो रात्री दीडला रस्त्यावर दिसतो हे खरं. प्रस्तावित बंदीत तो पकडला जाईल, त्याच्या विधवा आईला बोलावलं जाईल, दंड ती भरेल. ज्याने त्याला सातनंतर कामाला लावलं, त्याच्या दारात कुणी जाणार नाही. एकवीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या मालकावर या वेळेच्या नियमासाठी कारवाई झालेली मी पाहिली नाही.

त्या माउलीच्या मुलाचंही हेच. तो सोळाचा आहे, पण त्याला पुडी देणारा सोळाचा नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मुलाकडून हे पदार्थ विकून घेणाऱ्यासाठी पुढचं कलम आहे, शिक्षा तितकीच कडक. पुडी कुठे मिळते हे बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. जागा सांगितली गेली, वेळ सांगितली गेली, आणि तो व्यवहार संध्याकाळी सहाला चालतो हेही सांगितलं गेलं. मग दहाची बंदी त्या बाईंच्या काय कामाची? १९ मे २०२४ला पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाने चालवलेल्या गाडीने दोन तरुण जिवांचा बळी घेतला, तेव्हाही लोक अल्पवयीनांच्या रात्री फिरण्यावर बोलले. पण अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, हे मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीपासून होतंच. आणि महाराष्ट्रात एकवीस वर्षांच्या आत बियरसुद्धा विकता येत नाही.

बाहेरच्या देशांचे दाखले बैठकीत दिले गेले, म्हणून तेवढंच सांगतो. अमेरिकेतल्या शेकडो शहरांनी मुलांसाठी रात्रीची बंदी घातली. तिथल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली निघाला, त्यात अशा बंदीने गुन्हे कमी होतात असं आढळलं नाही. टेक्सास राज्याने २०२३मध्ये कायदा करून गावोगावच्या या बंद्या रद्दच केल्या. आइसलँडमध्ये नियम आहे आणि लोक तो मानतात. पण शाळेच्या किंवा खेळाच्या कार्यक्रमातून घरी परतणाऱ्या मुलांना तिथे मोकळीक आहे, पालक स्वतः रात्री गस्त घालतात, आणि मुलांच्या खेळांवर, छंदांवर सार्वजनिक पैसा खर्च होतो. आमच्या वॉर्डातलं मैदान सातला कुलूपबंद होतं.

आमच्या मुलांचं घर म्हणजे दहा बाय बाराची खोली, तीत सहा माणसं. रात्रपाळीचा बाप दिवसा झोपतो, दिवसपाळीचा भाऊ रात्री. पोरं नाक्यावर बसतात कारण आत पाय पसरायला जागा नसते. मोठ्या सोसायटीतल्या मुलांना अंगण आहे, क्लबहाऊस आहे, त्यांच्यापर्यंत ही बंदी पोचणारच नाही. वरळीच्या अभ्यास गल्लीत आपण कधी रात्री गेला आहात का? कित्येक वर्षं मुलं तिथे फुटपाथवर, दिव्याखाली बसून परीक्षेचा अभ्यास करतात. मी स्वतः १९९० च्या दशकात तिथे बसून बारावी केली. अकरानंतर गाड्या कमी व्हायच्या आणि गल्ली शांत व्हायची, खरा अभ्यास तेव्हाच होई. माझं वय तेव्हा सतरा होतं.

आणि रात्रीची संचारबंदी आम्ही भोगलेलीही आहे. डिसेंबर २०२०मध्ये करोनाच्या काळात महापालिका क्षेत्रांत रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी लागली. तिची गरज होती, तक्रार नाही. पण शाळा पुन्हा भरल्यावर माझ्या नववीच्या हजेरीतली अकरा नावं परत आली नाहीत. मी घरोघर फिरलो. तीन मुलं सापडली, तिघंही पूर्णवेळ कामाला लागलेली. एकदा रात्र तुटली की ही मुलं शाळेपासूनच तुटतात.

म्हणून विनंती अशी की त्या निवेदनावर आदेश काढू नये. त्याऐवजी कामगार विभागाला सोबत घेऊन संध्याकाळी सातनंतर हॉटेलं, केटरर, गोदामं तपासावीत आणि खटले मालकांवर भरावेत. त्या माउलीने सांगितलेल्या जागी साध्या वेशातला पोलीस संध्याकाळी सहाला उभा राहावा. ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर प्रत्येक रात्रशाळेत लावावा, म्हणजे मुलाला थांबवलं तर आधी त्यांना फोन जाईल. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर आलेल्या रात्रीच्या फोनला त्याच रात्री माणूस पोचावा. आणि महापालिकेला सांगून अभ्यासिका आणि मैदानं निदान अकरापर्यंत उघडी ठेवता आली, तर नाक्यावरची निम्मी मुलं आपोआप आत जातील.

त्या बैठकीनंतर माझ्याकडे येणाऱ्या पालकांची संख्या वाढली आहे. पूर्वी महिन्याला दोन-तीन चिठ्ठ्या लागायच्या, या आठवड्यात चौदा दिल्या. काल एका मुलीची आई दारात थांबून म्हणाली, "सर, तिच्या चिठ्ठीवर फोटो लावून शिक्का मारा, नुसत्या सहीला कोण मानतं?" आज मुख्याध्यापकांकडून शिक्का घेतला आहे. साडेसहाला वर्ग भरायच्या आत तिची चिठ्ठी तयार करायची आहे.

आपला,
परळ भागातल्या एका रात्रशाळेचा शिक्षक