उन्हाळी गणवेशाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: 'शुद्ध सुती' म्हणून विकलेले पोलीस गणवेशाचे शर्ट सुती नसल्याबाबत

महोदय,

मी पोलीस दलात वाहतूक शाखेत आहे. ड्युटीचे बहुतेक तास चौकात, उन्हात जातात. उन्हाळ्यासाठी म्हणून मी तुमच्या कंपनीचे दोन तयार शर्ट घेतले. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत 'शुद्ध सुती, हवेशीर' असं छापलंय. पहिल्याच दिवशी अकरा वाजायच्या आत शर्ट पाठीला चिकटला, तो ड्युटी संपेपर्यंत सुटला नाही.

कमरेला जाड पट्टा, छातीवर नावाची पट्टी, वरून रिफ्लेक्टर जॅकेट. कितीही उकडलं तरी यातलं आम्हाला काही काढता येत नाही, वरचं बटण उघडायचीही सोय नाही. त्यामुळे सगळी भिस्त कापडावर असते. तुमच्या शर्टाच्या खिशामागे आणखी एक अस्तर लावलंय, आणि झाकणात फ्यूजिंग, म्हणजे कापड ताठ राहावं म्हणून आतून चिकटवलेला थर. आठवडाभरात माझ्या छातीवर घामोळं उठलं ते अगदी खिशाच्या मापाचा चौकोन करून.

शंका आली म्हणून खालच्या शिवणीतून दोन धागे ओढून काडीवर धरले. सुती धागा जळला की कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरडली जाणारी मऊ राख उरते. इथे धागा आधी आक्रसला, वितळला आणि टोकाला टणक काळा मणी झाला. तो नखानेही फुटला नाही. म्हणजे यात पॉलिएस्टर आहे, आणि तेही थोडंथोडकं नसावं. आमच्यासाठी ही नुसती गैरसोय नाही. पेटलेल्या गाडीजवळ आम्हाला जावं लागतं, आणि वितळलेलं पॉलिएस्टर कातडीला चिकटतं.

पॉलिएस्टर मुळातच वाईट, असं माझं म्हणणं नाही. खेळाडूंच्या जर्सी त्याच्याच असतात, पण त्या जाळीदार आणि हलक्या विणलेल्या. तुमचं कापड इतकं घट्ट आहे की तोंडाशी धरून जोरात फुंकर मारली तरी पलीकडे हाताला जेमतेम वारा लागतो. घाम वाळतो तेव्हाच अंग थंड होतं. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच घाम ओघळून बुटात गेला तर त्याचा काही उपयोग नाही. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की घामाशिवाय शरीराकडे दुसरा मार्गच नसतो. सूत हवेतून स्वतःच्या वजनाच्या साधारण 8.5 टक्के ओल धरतं, पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. मग असं घट्ट कापड घाम धरून ठेवत नाही आणि बाहेरही जाऊ देत नाही.

तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला तर उत्तर मिळालं, "दोन-चार धुण्यांत मऊ पडेल, धुताना सॉफ्टनर घाला." कापड खरखरीत आहे अशी माझी तक्रार नव्हतीच. शिवाय सॉफ्टनरचा थर धाग्यांवर बसला की कापड पाणी आणखीच कमी शोषतं. गणवेश विकणाऱ्या कंपनीला एवढं माहीत असायला हवं.

दोन्ही शर्ट परत घेऊन पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत द्यावी. वेष्टनावरचे 'शुद्ध सुती' हे शब्द काढून कोणता धागा किती टक्के आहे ते छापावं. इस्त्रीची घडी टिकावी म्हणून पॉलिएस्टर घालता हे मला समजतं, ते तसं लिहा, ज्याला हवं तो घेईल. आणि पुढचा शर्ट बाजारात आणण्याआधी पट्टा, जॅकेट चढवून कुणाला तरी भर दुपारी चार तास उन्हात उभं करा. तुमच्या दुकानात मी तो एसीत, पट्ट्याशिवाय घालून पाहिला होता.

पावती आणि वेष्टनाचा फोटो सोबत जोडला आहे. शर्ट धुऊन ठेवलेत. धागे ओढले ती शिवण तशीच उसवलेली आहे, तुमच्या माणसाला तिथूनच आणखी धागे काढून तपासता येतील.

आपली,
एक ग्राहक